तीन पॉइंट सातला शून्य

मोहने, सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

क्षिप्रा,

फोन, व्हॉट्सॲप, इन्स्टा, मेल, सगळीकडून तू मला हाकललंस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला घेतलं असशील तर थांब. यात माझं रडगाणं नाही. तुझ्या कामाचं आहे.

स्वानंदचं स्टेटस मला अजून दिसतं. पीएचडी करणारा एवढा हुशार माणूस, मला ब्लॉक करायचं राहिलं त्याच्याकडून. की मी बघावं म्हणूनच ठेवलंय? काल त्याने ग्राफ टाकलेला. रेझिस्टन्सची रेघ सावकाश खाली येते, ब्याण्णव केल्विनला आपली ती ओळखीची पायरी, आणि मग अगदी तळाला, तीन पॉइंट सातला, धाडकन शून्य. वर लिहिलेलं, 'जमलं एकदाचं!' आणि फटाके.

अभिनंदन. आपल्या स्फटिकात आजवर कुणाला न दिसलेली सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे शुद्ध मराठीत अतिवाहकता, ठाण्यातल्या एका कॉलेजच्या दोघांना दिसली. दोघांना म्हणतोय बघ. तिसऱ्याचं नाव काढत नाही.

मला हे सगळं तूच शिकवलंस, तलावपाळीच्या कठड्यावर बसून. भेळेच्या कागदावर त्रिकोण काढलेस, टोकाला टोक जोडून, मध्ये षटकोनी भोकं. म्हणालीस, जपानी लोक बांबूची टोपली अशी विणतात, त्या विणीला कागोमे म्हणतात, आणि आपल्या स्फटिकात व्हॅनेडियमचे अणू असेच बसलेत. मग कोपऱ्याकोपऱ्यावर बाण काढलेस. "समज, हे छोटे छोटे चुंबक आहेत. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय. एक वर, एक खाली. मग तिसऱ्याने काय करायचं?"

"तिसऱ्याने मरायचं," मी म्हटलं.

तू इतकी हसलीस की शेजारचे आजोबा वळून बघायला लागले. तेव्हा स्वानंद नव्हता. त्रिकोण फक्त कागदावर होता.

आपल्या लॅबच्या खारकर सरांचं वेडही तूच सांगितलंस. याच विणीत लोखंड घातलं की अख्खा स्फटिक चुंबक होऊन बसतो. दुसऱ्या एका भावंडात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने धावतात आणि कशालाच अडत नाहीत. आपल्यात स्कँडियम, व्हॅनेडियम आणि कथील. हा बाबा ब्याण्णवला इलेक्ट्रॉनची एक ठरावीक मांडणी करतो आणि त्याच्या पुढे काही जात नाही. सर म्हणायचे, "जाईल रे, कधीतरी जाईल." आता गेला म्हणे.

पण स्फटिक कुणाचे? अकराशे पन्नास डिग्रीला वितळलेल्या कथलात ते वाढवले कुणी? लालभडक नळी चिमट्याने भट्टीतून काढून, चार सेकंदांत उलटी करून सेंट्रीफ्यूजमध्ये घालायची, म्हणजे पातळ कथील निथळून जातं आणि स्फटिक मागे राहतात. तू चिमटा माझ्याच हातात द्यायचीस. स्वानंद दारापाशी उभा राहून मोबाइलवर सेकंद मोजायचा.

तर ऐक. मी तुला दिलेल्या ज्या तीन स्फटिकांवर तुम्ही हे मोजलंत, त्यांच्याबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे, ती तुम्हाला नाही. १४ डिसेंबरला बाहेरचे परीक्षक येणार, तू त्यांच्यापुढे उभी राहणार, आणि त्यातल्या जर्मन बाईंना पटलं तर तुझी तिकडची पीएचडी नक्की. त्याच्याआधी ही गोष्ट तुला कळली पाहिजे. नाही कळली तर तुझं काय होईल, त्याची कल्पना तुझी तूच कर.

पत्रात सांगणार नाही. रविवारी पाच वाजता, तोच कठडा. एकटी ये. दहा मिनिटं.

सुदेश


मोहने, सोमवार, २५ नोव्हेंबर

क्षिप्रा,

माणूस तरी बरा पाठवायचास.

पाचला दहा कमी असताना मी पोचलेलो. इस्त्रीचा शर्ट घातलेला. हो, तोच निळा. साडेपाचला कोण येतंय, तर स्वानंद. हातात हेल्मेट, पाठीवर सॅक, चेहऱ्यावर दवाखान्यात भेटायला आल्यासारखा भाव.

"ती येणार नाही," तो म्हणाला.

"मग तू कोण? तिचा वॉचमन?"

"सुदेश, काय सांगायचंय ते मला सांग. मी लिहून घेतो." आणि क्षिप्रा, त्याने खरंच वही काढली. पेनाचं टोपण दातात धरून उभा राहिला.

"लिही," मी म्हटलं. "स्वानंद गाढव आहे. पूर्णविराम."

तो बसला माझ्या शेजारी. तुझ्या जागेवर. म्हणाला, "भाई, चिडू नको. सर तुझी आठवण काढतात. तू भट्टीचा प्लग उपटलास, अठरा दिवसांची वाढ फुकट गेली, तरी सरांनी वर काही कळवलेलं नाही. जानेवारीत परत नाव घालता येतं. फॉर्म आणून ठेवलाय त्यांनी ऑफिसात. तुझी एक सही पाहिजे फक्त."

"मला भीक नको."

"भीक कसली? तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही लॅबमध्ये. क्षिप्रापण तेच म्हणते."

तुझं नाव त्याच्या तोंडून, असं सहज, घरातल्यासारखं. मी त्याचं हेल्मेट उचललं आणि तलावात फेकलं. ते बुडलं नाही. हंसाच्या बोटीसारखं तरंगत मध्यावर गेलं, आणि पॅडल मारणाऱ्या दोन पोरींनी त्याचा फोटो काढला. स्वानंदने आधी बूट काढून नीट जोडीने ठेवले, मग मोजे काढले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला पोहता येत नाही. हे बघायला तरी तू यायला हवी होतीस.

मी प्लग का उपटला, हे त्याने तुला विचारलं का कधी? तू सांगितलंस का? त्या दिवशी तुम्ही दोघं भट्टीच्या मागे उभे होतात. तुझ्या केसातला कापसाचा धागा तो काढत होता. एवढंच. एवढंच होतं ते, मला माहीत आहे. पण तो सावकाश काढत होता. सर म्हणाले, "आठवडाभर घरी बस, डोकं थंड कर." मी म्हटलं, "कायमचाच बसतो." आणि बसलो. मी बोललेला शब्द फिरवत नाही, तेवढं तरी शिक माझ्याकडून.

ती गोष्ट काय असेल, याचा तू अजून विचार केलेला दिसत नाही. तू स्वानंदला पाठवलंस, म्हणजे तुला वाटतंय मी भेटायला मिळावं म्हणून थापा मारतोय. बरं. तुझ्या त्या शून्याकडे नीट बघ. किती सुंदर आहे. सुंदर गोष्टीला कुणी हात लावून बघत नाही, हाच सगळा घोळ असतो.

एकोणीस दिवस राहिले.

सुदेश


कल्याण, पारनाका, मंगळवार, ३ डिसेंबर

क्षिप्रा,

दुकानात बसून लिहितोय. पप्पा गिऱ्हाइकाशी बोलतायत. तांब्याचा हंडा आहे लग्नाचा, आत अगदी लाल पडलाय.

तुला आठवतो तुझा वाढदिवस? जुलैमधला. मला आठवतो, कारण नौपाड्यातल्या तुमच्या घरी मला चार्ज ऑर्डर म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने कळलं. पुस्तकात लिहितात, गरम असताना इलेक्ट्रॉन कुठेही हिंडतात, सगळ्या जागा सारख्या. थंड केलं की एका क्षणी ते ठरवून बसतात. या अणूवर जास्त, त्याच्यावर कमी, मग परत जास्त. कुणी सांगत नाही, फळीवर लिहिलेलं नसतं. पण मांडणी ठरते, आणि एकदा ठरली की मोडत नाही.

तुमच्या दिवाणखान्यात मी आलो तेव्हा सगळे उभे होते, हसत होते. ताटं घेतली आणि दोन मिनिटांत सगळे बसले. तुझे बाबा खिडकीजवळ, त्यांच्या शेजारी स्वानंद, मग तू. मला दारापाशी प्लॅस्टिकची खुर्ची. ती आधीपासून तिथेच होती, त्यामुळे कुणाचं चुकलं असंही म्हणता येत नाही. सरांच्या लॅबमध्ये अशी पायरी मोजायला एक मशीन लागतं. तुमच्या घरी नुसतं जेवायला बसावं लागतं.

मी तुला ती डबी दिली. कापसावर तीन स्फटिक, षटकोनी, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, आरशासारखे. तू उजेडात धरलेस आणि ओरडलीस, "आई, बघ ना! यात माझा डोळा दिसतोय!" सगळ्यांनी बघितले. त्या अर्ध्या मिनिटापुरता मी खिडकीजवळ बसलेलो होतो.

स्वानंदने विचारलं, "ॲसिडने धुतलेस ना?"

"हो," मी म्हटलं.

मग तुझ्या आई, नीलाकाकू, म्हणाल्या, "किती चकचकीत केलेस रे! आडनाव काय तुझं?"

"कल्हईकर."

"म्हणजे खरोखर कल्हई करता तुम्ही?"

"वडील करतात. कल्याणला, पारनाक्याला दुकान आहे."

"अय्या! अगं क्षिप्रा, सांगायचंस ना आधी. आमचं पितळेचं पातेलं कधीपासून पडून आहे. परवा आमटी केली, पार कळकली, तोंडात धरवेना. आता दारावर येतात कुठे कल्हईवाले?"

"अगं, जेवू दे त्याला," तुझे बाबा म्हणाले.

"जेवू दे की. जाताना नेईल."

स्वानंद हसला. त्याचं काय, तो कशालाही हसतो. पण तू हसलीस. श्रीखंडाचा चमचा तोंडात होता आणि तू हसलीस, आणि हात तोंडावर धरलास, म्हणजे आपण हसू नये हे तुला कळत होतं.

ते पातेलं मी वर्तमानपत्रात गुंडाळून मोहन्यापर्यंत मांडीवर घेऊन आलो. बाहेर कोरलंय, 'चि. क्षिप्रा हिचे बारशाप्रीत्यर्थ'. तुझ्या नावावर सगळा रस्ता माझा हात होता. पप्पांनी विचारलं, "मैत्रिणीचं?" आणि एकदा करून समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा केलं. आत बघून भांग पाडता आला असता.

तुला वाटत असेल मी हे सगळं विसरून ती गोष्ट सांगून टाकीन. काल पत्र सुरूही केलेलं तसं. मग फाडलं. तू एकदा फोन कर, क्षिप्रा. नंबर तोच आहे. शिव्या द्यायला कर. एक शिवी दिलीस तरी सगळं सांगतो.

सुदेश


मोहने, गुरुवार, १२ डिसेंबर

क्षिप्रा,

फोन आला नाही.

आता लिहितो. सरळ लिहितो. पण हे पाकीट मी शनिवारी सकाळी टाकणार, म्हणजे तुला मिळेल सोमवारी. तोपर्यंत तुझं बोलणं होऊन गेलेलं असेल. म्हणून इथे खोटं बोलायची गरज नाही.

ते स्फटिक मी ॲसिडने धुतलेच नाहीत.

तुझा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. सेंट्रीफ्यूजमधून निघाले तेव्हा त्यांच्यावर कथलाचे थेंब होते. ॲसिडमध्ये रात्रभर ठेवायचे हा सरांचा नियम. पण ॲसिडमधून निघतात ते मळकट, करडे. असलं मी तुला देणार नव्हतो. म्हणून दुकानातून पुडीभर नवसागर नेला. स्फटिक हॉटप्लेटवर ठेवले, कथील पाघळलं, वर नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर निघाला, खिडक्या उघडल्या. आणि चिमट्यात कापसाचा बोळा धरून गोल गोल पुसून घेतलं. पप्पा पातेलं पुसतात तसं. माझ्या घरात तिसऱ्या पिढीला येतं ते. थेंब गेले आणि वर इतका पातळ थर राहिला की तो थर आहे हे कुणाला कळणार नाही. तुझा डोळा दिसला तो स्फटिकात नाही दिसला. कल्हईत दिसला.

तुम्ही वायर जोडल्यात त्या थराला. कथील तीन पॉइंट सातला सुपरकंडक्टर होतं, हे शंभर वर्षांपासून पुस्तकात आहे. तुमचं शून्य त्याचं. एवढासा चुंबक जवळ आणलात तरी मरेल ते.

देताना हे माझ्या मनातही नव्हतं. आईशप्पथ. मला फक्त ते चकाकायला हवे होते. पण स्वानंदचं स्टेटस बघितलं तेव्हा एका सेकंदात कळलं, आणि मी हसलो. मोठ्याने हसलो, पप्पांनी भाता थांबवला.

शनिवारी मी येणार. शेवटच्या रांगेत बसणार. तू शून्य दाखवलंस की उभा राहून एकच प्रश्न विचारणार. चुंबकीय क्षेत्र लावून पाहिलंत का? बस. पुढचं त्या जर्मन बाई बघून घेतील. तुझा चेहरा मला बघायचाय. तू हसलीस तेव्हा माझा सगळ्यांनी बघितला.

सुदेश


मोहने, रविवार, १५ डिसेंबर

क्षिप्रा,

बसा, म्हणालीस तू मला. बसा.

मी तुला बोलू तरी द्यायला हवं होतं. पण तू ग्राफ दाखवलास, ती रेघ तळाला गेली, आणि मला राहवलंच नाही. उभा राहिलो. अख्खा हॉल वळला. "चुंबकीय क्षेत्र लावून पाहिलंत का?" माझा आवाज फाटला, तो तुझ्या लक्षात आला असेल.

तू घाबरली नाहीस. बाटलीतून घोटभर पाणी प्यायलीस. "पुढची स्लाइड तीच आहे," म्हणालीस. "बसा."

पुढच्या स्लाइडवर दोन ग्राफ. डावीकडे चुंबक लावलेला, शून्य गायब. उजवीकडे तोच स्फटिक ॲसिडमधून काढलेला, शून्य नाही, पण ब्याण्णवची पायरी आधीपेक्षा कितीतरी ठसठशीत. तू म्हणालीस, हे शून्य आमच्या स्फटिकाचं नव्हतं, वर राहिलेल्या कथलाचं होतं, आणि अशी फसगत किती सहज होते ते दाखवायला आम्ही ते ठेवलंय. खरं काम यापुढे आहे. मग पंचवीस मिनिटं नुसती ती पायरी. जर्मन बाईंनी दोन पानं भरून लिहून घेतलं. शेवटच्या स्लाइडवर आभार. स्वानंद दुसरा. पहिलं नाव, 'स्फटिक: सुदेश कल्हईकर'.

ते बघून मी बाहेर यायला निघालो, तर जिन्यापाशी तू. एकटी. एकटी ये म्हणून मी महिनाभर लिहीत होतो आणि आलीस ती अशी.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"स्वानंदने स्टेटस टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तीन पॉइंट सात म्हणजे कथील, हे मला माहीत नसेल असं वाटलं तुला?"

"थर दिसला कसा पण?"

"घरी पातेलं आहे ना. तळाला कापसाचे गोल गोल फराटे असतात. भिंगाखाली स्फटिकावर तेच होते." मग म्हणालीस, "खूप हसले मी तेव्हा. वाईट नाही. म्हटलं, हा वेडा माझ्यासाठी स्फटिकाला कल्हई करून आला."

क्षिप्रा, तिथेच थांबायचंस. पण तू थांबली नाहीस.

"तीन दिवसांनी तुझं पत्र आलं. मग दुसरं. मग तिसरं. मी पडेन म्हणून तू वाट बघत होतास. मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून. प्रत्येक पाकीट मी उभ्या उभ्या फोडलं. एक ओळ, सुदेश. 'कथील आहे, बघ.' एवढीच ओळ हवी होती."

"मग तू का नाही सांगितलंस, की तुला कळलंय?"

"तू काय करतोस ते बघायचं होतं मला," तू म्हणालीस. म्हणजे तूपण मोजतच होतीस. मला थंड करत नेलंस आणि बघत राहिलीस, कुठल्या आकड्याला मी खाली जातो.

पुढचं तुला माहीत नसेल. खारकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक तो जानेवारीचा फॉर्म, माझं नाव त्यांच्या अक्षरात भरलेलं. दुसरं माझं पहिलं पत्र.

"क्षिप्राने आज सकाळी दिलं," सर म्हणाले. "त्याआधी ती महिनाभर मला सांगत होती, सुदेशकडून घाईत चूक झाली. मी म्हटलं, होते. माझ्याकडून काय कमी झाल्यात? तुला परत घ्यायचंच होतं."

"सर, सुरुवातीला ती चूकच होती."

"माहीत आहे. सुरुवातीची मी खिशात घातली असती." त्यांनी चष्मा काढला. "पण इथे तू लिहिलंस, मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. उद्या तू एक नळी भट्टीतून काढशील आणि मला म्हणशील, धुतलंय. मी काय करायचं? प्रत्येक वेळी भिंग घेऊन बसू?"

त्यांनी फॉर्म फाडला नाही. तुला वाटत असेल फाडला. नाही. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मला विचारलं, "चहा घेणार?" मी नको म्हटलं.

कालचं पाकीट उद्या येईल. त्यात सगळं खरं आहे. हे पत्र पोचेपर्यंत फोडलं नसशील तर उघडू नकोस.

सुदेश


कल्याण, पारनाका, बुधवार, २२ जानेवारी २०२५

क्षिप्रा,

परवा नीलाकाकू दुकानात आलेल्या. एकट्या, रिक्षाने, मांडीवर पातेलं. तुझ्या बारशाचं. त्यांना काही माहीत नाही, हे बघून बरं वाटलं आणि रागही आला. "सहा महिन्यांत उडतं रे कथील," म्हणाल्या. "पण मागच्या खेपेला काय सुंदर केलेलंत! आमच्याकडे सगळे विचारतात." मग तुझं जर्मनीचं पक्कं झालं, सप्टेंबरात निघायचं, त्याआधी स्वानंदच्या घरचे बोलायला येणार, हे सगळं मला सांगितलं. पप्पांनी त्यांना स्टूल दिलं. मी भट्टी पेटवली.

काल दुपारी पप्पा जेवायला घरी गेलेले. मी पातेलं घासलं, तापवलं, नवसागर टाकला, कथलाची कांडी फिरवली, कापसाने ओढलं. आणि तळाला, जिथे पळी टेकते, तिथे नखाएवढी जागा उघडी सोडली. तिच्यावर बोटाने राख चोळून ती झाकली. कोकम टाकून आमटी ठेवलीत की चार दिवसांत कळकायला लागली असती. कुठून, ते कुणाला कळलं नसतं. मला कळलं असतं.

मग तुला पत्र लिहायला घेतलं. 'त्या पातेल्याबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे, ती तुला नाही. रविवारी पाच वाजता.' एवढं लिहून झालेलं. खोटं नाही सांगत, ओळ तशीच आली हातातून. मागच्या वेळची, अक्षरन् अक्षर.

पप्पा आले. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते प्रत्येक भांड्याच्या तळावरून अंगठा फिरवतात, डोळे मिटून. फिरवला. थांबले. परत फिरवला. अंगठ्याची राख बघितली.

"राहिलं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"राख कुणी लावली?"

त्यांनी बाहेरचं नाव वाचलं. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून, एकेक अक्षर जुळवत वाचलं. मग समोरचा कागद बघितला. तो त्यांनी वाचला नाही. वाचायची गरज नव्हती. म्हणाले, "माझ्या बापाने चाळीस वर्षं दारोदार भाता ओढला. लोक आपल्या भांड्यात जेवतात, सुदेश. ते तपासून बघायला येत नाहीत." आणि माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "उद्यापासून गल्ल्यावर बस. भट्टीला हात लावायचा नाही."

त्यांनी सगळं खरवडून काढलं आणि पहिल्यापासून केलं. मी नुसता बघत होतो. धूर झाला, डोळ्यांत गेला, त्यांच्याही आणि माझ्याही.

तुला बोलावण्यासारखं आता माझ्याकडे काहीच नाही. तू भेटायला यावंस म्हणून लपवलेलं असं काही उरलेलं नाही. सगळं सांगून झालं.

नीलाकाकूंना निरोप द्या. पातेलं शुक्रवारी तयार असेल, कुणालाही पाठवा. कल्हई माझ्या वडिलांनी केली आहे. आंबट खुशाल शिजवा.

सुदेश उत्तम कल्हईकर